बीटाचा जमाखर्च: गॅमा मोजून केंद्रकाच्या पातळ्या कशा शोधायच्या

कृषी सेवा केंद्रात ०:०:६० असं छापलेली पोती मिळतात. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाश. त्यातलं किलोभर प्लास्टिकच्या डब्यात भरा, डबा सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला (गॅमा किरण पकडणारा स्फटिक) टेकवा, मोजणी लावा आणि घरी जा. सकाळी पडद्यावरच्या ऊर्जेच्या आलेखात १४६१ च्या जवळ एक ठसठशीत शिखर उभं असेल. लॅबमध्ये सगळे त्याला 'पोटॅशियमचं शिखर' म्हणतात. खरं तर ते आर्गॉनचं आहे.

नवख्यांची पहिली गफलत इथेच होते. पोटॅशियम-४० चं केंद्रक काही वेळा आपल्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि आर्गॉन-४० होतं. हे नवं केंद्रक शांत जन्माला येत नाही, वरच्या ऊर्जापातळीवर जन्मतं. तिथून खाली उतरताना ते जो गॅमा, म्हणजे उच्च ऊर्जेचा प्रकाशकण, फेकतं, तो आपण मोजतो. तसंच 'कोबाल्टचे गॅमा' हे निकेलचे आणि 'सिझियमचा गॅमा' हा बेरियमचा. वहीत पहिल्या दिवसापासून असंच लिहा, पुढचा बराच गोंधळ टळतो.

बीटाच का मोजत नाही?

बीटा-क्षय, म्हणजे केंद्रक इलेक्ट्रॉन (बीटा कण) फेकून दुसऱ्या मूलद्रव्याचं होतं ती क्रिया, समजून घ्यायचा तर बीटाच मोजावा, असं कुणालाही वाटेल. पण बीटा कण आपली ऊर्जा सोबत निघणाऱ्या, जवळजवळ न पकडता येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या कणाबरोबर वाटून घेतो आणि ही वाटणी दर वेळी वेगळी होते. त्यामुळे बीटाचा वर्णपट शून्यापासून कमाल ऊर्जेपर्यंत पसरलेला, पोटाशी फुगलेला एक डोंगर दिसतो. १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी रेडियम-ई, म्हणजे आजचं बिस्मथ-२१०, कॅलरीमीटरमध्ये ठेवून उष्णता मोजली. दर क्षयामागे सरासरी ०.३५ च्या आसपास दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरले, कमाल ऊर्जा मात्र एकाहून थोडी जास्त होती. उरलेली ऊर्जा कुठे जाते हे कळायला पाउली या भौतिकशास्त्रज्ञाची न्यूट्रिनोची कल्पना यावी लागली.

आता क्षय तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर जात असेल तर असे तीन डोंगर एकमेकांवर चढतात, आणि ते वेगळे करणं म्हणजे दुधातून पाणी काढणं. गॅमाचं तसं नसतं. गॅमा म्हणजे दोन पातळ्यांमधला नेमका फरक, वर्णपटात सुईसारखी उभी रेघ. म्हणून आपण उलट्या दिशेने जातो. गॅमांवरून पातळ्या मांडायच्या, आणि कोणत्या पातळीवर किती बीटा येऊन पडले हे हिशेबाने काढायचं.

हिशेबाने, हा शब्द लक्षात ठेवा. या पद्धतीत बीटाचा वाटा थेट मोजला जात नाही, वजाबाकी करून काढला जातो. नजरेतून जे निसटलं ते वजाबाकीत चुकीच्या खात्यावर पडतं.

पहिली पायरी: स्रोत

सुरुवातीला तीन स्रोत पुरतात: सिझियम-१३७, कोबाल्ट-६० आणि जमलं तर युरोपियम-१५२. कॉलेजच्या लॅबमध्ये यांच्या सीलबंद, बटणाएवढ्या चकत्या असतात. चकती चिमट्याने उचलायची, काम झालं की शिशाच्या डबीत ठेवायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची. लॅबमध्ये डबा खायचा नाही. स्रोतांचे नियम अणुऊर्जा नियामक परिषद ठरवते, आणि तुमच्या विभागातल्या जबाबदार व्यक्तीला ते माहीत असतात. चकती हातात घेण्याआधी त्यांना विचारा.

दुसरी पायरी: पट्टी आखणं

डिटेक्टरमधून येतो तो व्होल्टेजचा ठोका, आणि विश्लेषक त्याला एक चॅनेल क्रमांक देतो. चॅनेल ४१२ म्हणजे किती ऊर्जा, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. एकक आहे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बोलताना केईव्ही. सिझियमच्या चकतीतून ६६१.७ चं आणि कोबाल्टच्या चकतीतून ११७३.२ व १३३२.५ चं शिखर मिळतं. या तीन बिंदूंतून रेघ काढली की पट्टी तयार.

शिखराच्या डावीकडे दिसणारं पठार आणि उंचवटे म्हणजे नव्या पातळ्या नव्हेत. ६६२ च्या गॅमाचं पठार ४७७ जवळ अचानक तुटतं, ती कॉम्प्टनची कड: गॅमा इलेक्ट्रॉनला धडकून निसटताना जास्तीत जास्त इतकीच ऊर्जा मागे ठेवतो. १८४ जवळचा उंचवटा मागून आपटून परतलेल्या गॅमांचा. ३२ जवळचा छोटा सुळका बेरियमच्या एक्स-किरणांचा, तो पुढे कामाला येणार आहे.

सोडियम आयोडाइडमध्ये ६६२ चं शिखर साधारण ७ टक्के रुंद येतं, म्हणजे जवळपास ४६ केईव्ही. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या अतिशुद्ध जर्मेनियममध्ये १३३२ चं शिखर दोनेक केईव्ही रुंदीचं असतं. कोबाल्टसाठी आयोडाइड चालतं, युरोपियमच्या गर्दीला जर्मेनियमच लागतं.

एक घरगुती सूचना. आपल्याकडच्या दुपारी एसी बंद पडला की आयोडाइडला जोडलेल्या, प्रकाशाचा ठोका करणाऱ्या नळीची वर्धनक्षमता सरकते, आणि रात्रभरच्या मोजणीत शिखर हळूहळू चालू लागतं. सकाळी एका शिखराची दोन जुळी दिसली तर शोध लागला म्हणून उड्या मारू नका, आधी तापमान बघा. पावसाळ्यात उच्च व्होल्टेजच्या जोडण्यांत दमटपणा शिरतो आणि त्या तडतडायला लागतात. माझी एक अख्खी जुलैची मोजणी अशी पाण्यात गेली आहे.

तिसरी पायरी: कार्यक्षमता

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण उरकून टाकतात आणि पुढे रडतात. डिटेक्टर १२० केईव्हीचे गॅमा जितक्या सहज पकडतो तितक्या सहज १४०० चे पकडत नाही. म्हणून शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे गॅमांची खरी संख्या नव्हे. त्याला कार्यक्षमतेने भागावं लागतं.

युरोपियम-१५२ इथे उपयोगी पडतं, कारण एकाच चकतीतून १२१.८, २४४.७, ३४४.३, ७७८.९, ९६४.१, १११२.१ आणि १४०८.० अशा लांबवर पसरलेल्या रेघा मिळतात आणि त्यांची सापेक्ष तीव्रता तक्त्यांत नीट दिलेली आहे. तक्त्यांसाठी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं न्युडॅट हे मोफत कोष्टक वापरा. मोजलेलं भागिले अपेक्षित, असे बिंदू मांडून वक्र काढा. स्रोत डिटेक्टरपासून निदान १०-१५ सेंटिमीटर लांब ठेवा आणि ते अंतर पुढे बदलू नका.

अंतराबद्दल मी इतका का बोलतोय? कारण तिथेच मी तोंडावर आपटलो होतो. विद्यार्थी असताना मोजणी लवकर संपावी म्हणून कोबाल्टची चकती थेट डिटेक्टरच्या तोंडावर ठेवली. ११७३ आणि १३३२ तर आलेच, शिवाय २५०६ वर एक सुबक तिसरं शिखर आलं. मी खूश होऊन आकृतीत वरच्या पातळीपासून तळापर्यंत एक लांब बाण काढला. सरांनी फक्त विचारलं, "दोन्हीची बेरीज केली का?" ११७३.२ अधिक १३३२.५ म्हणजे २५०५.७. दोन्ही गॅमा एकाच वेळी स्फटिकात घुसले होते आणि यंत्राने त्यांना एक समजून मोजलं होतं. तो थेट बाण निसर्गात आहे, पण इतका दुर्मिळ की आपल्या मांडणीला तो दिसण्याची आशा नाही.

बेरजेचं शिखर ओळखायची युक्ती सोपी आहे. स्रोत पुरेसा लांब असताना अंतर दुप्पट केलं की खरं शिखर एक चतुर्थांश होतं. बेरजेचं शिखर दोन गॅमांच्या भेटीवर अवलंबून असल्याने एक सोळांश होतं. शंका आली की चकती मागे सरकवा.

चौथी पायरी: कोण कुणाच्या मागे

आता रेघा आणि त्यांची तीव्रता हातात आहे, पण पातळ्यांचा जिना अजून नाही. ११७३ चा गॅमा १३३२ च्या आधी निघतो की नंतर? की दोघांचा काही संबंधच नाही? यासाठी दोन डिटेक्टर लागतात आणि 'कोइन्सिडन्स' नावाचा प्रकार: दोघांत एकाच क्षणी ठोका पडला तरच नोंद करायची.

एका डिटेक्टरमध्ये ११७३ च्या शिखराभोवती खिडकी लावा आणि त्या वेळी दुसऱ्यात काय आलं ते बघा. १३३२ उरलं, तर ते दोघे एकाच साखळीतले. निकेल-६० ची १३३२.५ ची पातळी पिकोसेकंदाच्या आसपास टिकते, त्यामुळे आपल्या घड्याळाला दोन्ही गॅमा एकदमच सुटल्यासारखे दिसतात.

इथे योगायोगाचे ठोके वजा करायचे असतात. दोन डिटेक्टरांत सेकंदाला हजार-हजार ठोके पडत असतील आणि विभेदन-काल (किती वेळाच्या आत पडलेले ठोके 'एकाच क्षणी' मानायचे) ५० नॅनोसेकंद असेल, तर दोन गुणिले काल गुणिले दोन्ही दर, म्हणजे दहा सेकंदांत एक ठोका निव्वळ योगायोगाचा. कमी वाटतो, पण खऱ्या जोड्याही त्याच प्रमाणात येत असतील तर निष्कर्ष कोसळतो.

क्रम मात्र कोइन्सिडन्समधून कळत नाही. आधी ११७३ की आधी १३३२, दोन्ही प्रकारे बेरीज तीच येते. कोबाल्टमध्ये निकाल लागतो तो इतर क्षयांतून निकेल-६० वर पोचल्यावर १३३२ एकटा दिसतो म्हणून. युरोपियममध्ये हाच खेळ जास्त रंगतो. त्याचे जवळजवळ तीन चतुर्थांश क्षय समॅरियम-१५२ कडे जातात आणि उरलेले गॅडोलिनियम-१५२ कडे. १२१.८ वर खिडकी लावली की २४४.७, ९६४.१, १११२.१ आणि १४०८.० वर येतात, ३४४.३ मात्र गायब होतो. ३४४.३ वर लावली की ७७८.९ दिसतो. एकाच चकतीतली दोन घराणी डोळ्यांदेखत वेगळी होतात. माझ्या मते या विषयात एखाद्याला ओढायचं असेल तर हाच प्रयोग दाखवावा.

दोन डिटेक्टरांमधला कोन ९० वरून १८० अंशांवर नेला की कोबाल्टच्या जोड्यांची संख्या सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. हा आकडा पातळ्यांच्या फिरकीचा (स्पिनचा, म्हणजे केंद्रकाच्या कोनीय संवेगाचा) पुरावा आहे. ४, २, ० अशी उतरंड असेल तरच तो येतो.

पाचवी पायरी: जमाखर्च

आता खतावणी उघडा. प्रत्येक पातळीतून बाहेर पडणारे गॅमा एका बाजूला, वरून तिच्यात येणारे दुसऱ्या बाजूला. बाहेर वजा आत, जे उरेल ते बीटाने थेट आणून टाकलेलं.

कोबाल्टचं खातं घ्या. शंभर क्षयांमागे १३३२ चे ९९.९८ गॅमा बाहेर जातात आणि ११७३ चे ९९.८५ आत येतात. फरक ०.१२ च्या आसपास, म्हणजे तेवढे टक्के बीटा थेट १३३२.५ च्या पातळीवर पडतात. पण तुमची कार्यक्षमता दोन-तीन टक्क्यांपलीकडे अचूक नाही. दोन मोठे, जवळजवळ सारखे आकडे वजा करून ०.१२ काढणं म्हणजे ट्रकचं वजन ड्रायव्हरसकट आणि ड्रायव्हरविना करून ड्रायव्हरच्या खिशातल्या किल्ल्यांचं वजन सांगणं. अहवालात '०.१२ मिळाले' असं लिहू नका. 'त्रुटीच्या मर्यादेत शून्य' असं लिहा. ते खरं आहे आणि परीक्षकालाही तेच आवडतं.

सिझियमच्या खात्यात वेगळा सापळा आहे. शंभर क्षयांमागे ६६२ चे गॅमा मिळतात ८५. मग उरलेले १५ बीटा थेट तळपातळीवर गेले का? नाही. बेरियमचं उत्तेजित केंद्रक काही वेळा गॅमा न फेकता आपली ऊर्जा आतल्याच एका इलेक्ट्रॉनला देतं आणि तो बाहेर उडतो. याला अंतर्गत रूपांतर म्हणतात. ३२ चा सुळका त्याचीच खूण होती: इलेक्ट्रॉनची जागा रिकामी झाली आणि एक्स-किरण निघाला. ६६२ साठी रूपांतराचं प्रमाण गॅमामागे ०.११ आहे. ८५ ला १.११ ने गुणा, ९४.५ च्या जवळ येतं. वरची पातळी मिळवते तो खरा वाटा हा, आणि थेट तळाला जाणारे फक्त साडेपाच टक्के. दुरुस्ती विसरलात तर हा छोटा वाटा जवळजवळ तिप्पट होऊन बसतो.

बेरियमची ही पातळी विलक्षण आळशी आहे, तिचं अर्धायुष्य २.५५ मिनिटं. म्हणून सिझियमचा बीटा आणि ६६२ चा गॅमा यांच्यात कोइन्सिडन्स शोधाल तर काहीच सापडणार नाही. पण याच आळसामुळे बेरियम सिझियमपासून धुऊन वेगळं काढता येतं. त्या छोट्या उपकरणाला इंग्रजीत चक्क 'गाय' म्हणतात. सौम्य आम्ल सोडायचं, थेंब धरायचे, आणि ते थेंब विझताना मिनिटामिनिटाला मोजायचे. थोड्या वेळाने गाय पुन्हा दुभती.

सहावी पायरी: केंद्रकाने हीच वाट का धरली?

इथवरची मोजणी होती, आता अर्थ. सिझियमला तळापर्यंत ११७६ केईव्हीची उतरण उपलब्ध आहे. तरी शंभरातले चौऱ्याण्णव क्षय ५१४ चीच उतरण घेऊन वरच्या पातळीवर का थांबतात?

क्षयाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक, उपलब्ध ऊर्जा: जास्त ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोला वाटणी करायला जास्त मोकळीक. फर्मीने १९३४ च्या सिद्धांतात याचा हिशेब मांडला. दोन, सुरुवातीच्या आणि शेवटच्या केंद्रकाची रचना किती जुळते. ऊर्जेचा भाग बाजूला काढायला फर्मीचा गुणक (उपलब्ध ऊर्जेवरून काढलेला आकडा) घ्यायचा, त्याला त्या वाटेच्या आंशिक अर्धायुष्याने गुणायचं आणि लॉगॅरिदम घ्यायचा. या आकड्याला लॉग-एफटी म्हणतात. अगदी जुळणाऱ्या केंद्रकांत तो ३.५ च्या आसपास असतो. अनुमत, म्हणजे नियमांत सहज बसणारे, क्षय बहुधा ४ ते ६ मध्ये पडतात. फिरकी आणि समता (दिशा उलटवल्यावर अवस्थेचं चिन्ह तेच राहतं, म्हणजे धन, की उलटतं, म्हणजे ऋण) बदलाव्या लागल्या की आकडा चढत जातो, आणि प्रत्येक एककामागे क्षय दहा पट मंद होतो.

सिझियमची फिरकी ७/२ आणि समता धन. बेरियमच्या वरच्या पातळीची ११/२ ऋण, तळाची ३/२ धन. वरची वाट 'प्रथम निषिद्ध' (बंद नव्हे, मंद), तिचा आकडा साडेनऊच्या पुढे. तळाची 'द्वितीय निषिद्ध', सुमारे १२. ऊर्जेचा फायदा असूनही तळाची वाट मागे पडते ती यामुळे.

कोबाल्टचं गणित स्वतः करून बघा. अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे १६.६ कोटी सेकंद, त्याचा लॉग ८.२२. बीटाची कमाल ऊर्जा फक्त ३१८ केईव्ही, म्हणून फर्मी-गुणकाचा लॉग उणे ०.७. बेरीज ७.५. फिरकी ५ कडून ४ कडे, समता तीच, म्हणजे नियमाने अनुमत. तरी ७.५ हा अनुमत क्षयाला फारच मोठा आकडा आहे. दार उघडं आहे पण आतली मांडणी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. याच क्षयावर १९५६-५७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वू आणि सहकाऱ्यांनी समतेचा नियम (निसर्ग आणि त्याची आरशातली प्रतिमा सारखंच वागतात हा) मोडतो हे दाखवलं, आणि केंद्रकं खरंच एका दिशेला रांगेत आहेत का, हे त्यांनी निकेलच्या गॅमांच्या दिशांवरूनच ताडलं होतं.

आणि जे दिसतच नाही

कोबाल्ट-सिझियमची खाती दोन ओळींची. अणुभट्टीत केंद्रकं फुटून तयार होणाऱ्या काही तुकड्यांत मात्र क्षयाची ऊर्जा खूप असते आणि बीटा शेकडो पातळ्यांवर विखुरतात. वरच्या पातळ्यांतून येणारे गॅमा असंख्य, बारीक आणि उच्च ऊर्जेचे असतात, आणि नेमके तेच जर्मेनियमच्या हातून निसटतात. खतावणीत मग खालच्या पातळ्यांत 'आत' कमी दिसतं आणि वजाबाकी सगळा बीटा त्यांच्या नावावर टाकते. १९७७ मध्ये हार्डी आणि सहकाऱ्यांनी एक काल्पनिक केंद्रक संगणकात घडवून हे दाखवलं. त्याला त्यांनी इंग्रजी महाकाव्यातल्या नरकाच्या राजधानीचं नाव दिलं: पँडेमोनियम.

यावर उपाय म्हणजे माझी जुनी चूक मुद्दाम करायची. स्रोताभोवती चहूबाजूंनी प्रचंड स्फटिक उभा करायचा, म्हणजे साखळीतले सगळे गॅमा एकत्र पकडले जातील. मग बेरजेचं शिखर हेच उत्तर ठरतं, कारण ते थेट सांगतं बीटा कोणत्या पातळीवर पडला. फिनलंडमधल्या युवास्कुला इथे टेक्नेशियम-१०४, टेक्नेशियम-१०५ यांसारखी केंद्रकं अशी मोजली गेली. २०१० मध्ये निकाल आले तेव्हा भट्टी बंद केल्यावर उरणाऱ्या उष्णतेच्या हिशेबातली, प्लुटोनियमच्या बाबतीत बराच काळ छळणारी तफावत मोठ्या प्रमाणात भरून निघाली.

आपल्याकडे पुढचं पाऊल टाकायचं असेल तर मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), दिल्लीचं आययूएसी (आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र) आणि कोलकात्याचं व्हीईसीसी (सायक्लोट्रॉन केंद्र) ही तीन ठिकाणं. जर्मेनियमच्या क्लोव्हर डिटेक्टरांची 'इंगा' ही सामायिक मांडणी या तिघांत फिरती असते.

राहता राहिला आपला पालाशाचा डबा. किलोभर पालाशात अर्धा किलो पोटॅशियम असतं आणि सेकंदाला पंधरा हजारांवर क्षय होतात. त्यांतले सुमारे १०.७ टक्के आर्गॉनच्या १४६०.८ च्या पातळीवर जातात, म्हणजे सेकंदाला सोळाशेच्या वर गॅमा. त्या क्षयात न्यूट्रिनोला उरतात जेमतेम ४४ केईव्ही. मग पोटॅशियम इलेक्ट्रॉन गिळून थेट आर्गॉनच्या तळपातळीवर जातं का? गेलं तरी गॅमा निघणार नाही, आणि आपल्या खतावणीत त्याला रकानाच नाही. पोटॅशियम-आर्गॉन घड्याळाला मात्र हा आकडा हवा असतो, कारण सह्याद्रीच्या बेसॉल्टसारख्या खडकांची वयं याच क्षयाच्या आधारे काढतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत एक टनाच्या आसपासच्या आयोडाइडच्या पोटात एक इवलासा एक्स-किरण डिटेक्टर ठेवून आर्गॉनचा ३ केईव्हीचा एक्स-किरण पकडला गेला, तोही १४६१ सोबत नसताना. २०२३ मध्ये उत्तर आलं: हजार क्षयांत साधारण एक. तुमच्या डब्यात ते सेकंदाला पंधराएक होत असतात, आणि सकाळच्या त्या शिखरात त्यांतला एकही नसतो.